दोन अंकी संख्यांचा गुणाकार: पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

ठाण्यात प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवताना एक गोष्ट दर वर्षी घडते. वर्गात दोन अंकी संख्येने गुणायला सुरुवात झाली की आठवडाभरात पालकांचे निरोप येऊ लागतात, आणि नव्याने रुजू झालेले शिक्षकही साधारण तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा ती एकत्र लिहून ठेवावीत, म्हणून हे संकलन केले आहे. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. दोन अंकी गुणाकार सुरू करण्यापूर्वी मुलाला काय काय यायला हवे?

पहिली अट पाढ्यांची नसून स्थानिक किमतीची आहे. "३४ मधला ३ म्हणजे किती?" असे विचारल्यावर "तीस" हे उत्तर न अडखळता आले पाहिजे. "तीन" असे उत्तर आले, तर हा गुणाकार पंधरा दिवस पुढे ढकलावा आणि तेवढ्या काळात काड्यांचे गठ्ठे किंवा दहाच्या नोटा व रुपयाची नाणी घेऊन संख्या सुट्या करण्याचा सराव द्यावा. त्यानंतर ३४ × ६ सारखा गुणाकार हातच्यासह जमला पाहिजे, दहाने आणि दहाच्या पटीने गुणता आले पाहिजे आणि तीन-चार अंकी संख्यांची हातच्याची बेरीज आली पाहिजे. ही शेवटची अट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. वह्या तपासताना मात्र असे आढळते की लाल फुली मिळालेल्या बऱ्याच उदाहरणांत गुणाकाराच्या दोन्ही ओळी बरोबर असतात आणि चूक खालच्या बेरजेत असते.

२. पाढे तीसपर्यंत पाठ हवेतच का?

नाही. उभ्या मांडणीत एका वेळी एका अंकाने एकाच अंकाला गुणायचे असते, त्यामुळे नऊपर्यंतचे पाढे पुरतात. ते मात्र उलटसुलट यायला हवेत. "सात आठे किती?" असे विचारल्यावर जो मुलगा "सात एके सात" पासून सुरुवात करतो, त्याला पाढ्याची चाल पाठ आहे, पाढा नाही. बारा, पंधरा आणि पंचवीस यांचे पाढे पुढे तोंडी हिशेबाला फार उपयोगी पडतात (प्रश्न १३ पाहा), म्हणून ते सवडीने करून घ्यावेत. आजी-आजोबा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, दीड, अडीच यांचे पाढे) यांची आठवण काढतात आणि आताच्या मुलांना काहीच येत नाही, असे म्हणतात. ती पाठांतरे रुपये-आणे-पै आणि शेर-मण यांच्या व्यवहारासाठी होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि त्या पाठांतरांची गरज हळूहळू ओसरली.

३. शाळेत आधी चौकट काढून गुणाकार का करून घेतात? आम्ही तर थेट उभी मांडणी शिकलो.

कारण उभी मांडणी ही चौकटीची घडी आहे, आणि घडी घालण्यापूर्वी कापड उलगडून पाहिलेले बरे.

कळव्यातील एका शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही लाद्यांचा एक आयत खडूने आखून घेतला होता. एका बाजूला २३ लाद्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला १४. एकूण लाद्या किती, एवढाच प्रश्न होता. एका मुलीने पाय टाकत एकेक लादी मोजायला सुरुवात केली आणि साठ-बासष्टच्या आसपास तिची मोजणी चुकली. मग कोणीतरी म्हणाले की वीस लाद्यांनंतर एक रेघ मारू या. ती मारल्यावर दुसऱ्या बाजूनेही दहा लाद्यांनंतर रेघ मारायचे मुलांनाच सुचले आणि आयताचे चार तुकडे झाले. मोठ्या तुकड्यात २० × १० म्हणजे २०० लाद्या, त्याच्या शेजारी ३ × १० म्हणजे ३०, खाली २० × ४ म्हणजे ८० आणि कोपऱ्यात ३ × ४ म्हणजे १२, अशा एकूण ३२२ लाद्या झाल्या. त्या दिवशी फळ्यावर काहीही लिहावे लागले नाही.

वहीतील चौकट म्हणजे हाच वऱ्हांडा. ३४ × २६ साठी ती अशी दिसते:

| × | ३० | ४ |
|---|---|---|
| २० | ६०० | ८० |
| ६ | १८० | २४ |

चारही घरांची बेरीज ८८४ येते. आता या चौकटीकडे ओळीने पाहावे. सहाच्या ओळीत १८० + २४ = २०४ आहेत आणि वीसच्या ओळीत ६०० + ८० = ६८० आहेत. उभ्या मांडणीत एकाखाली एक येणाऱ्या दोन ओळी त्याच आहेत. हे नाते मुलाने स्वतः बोट ठेवून दाखवले, की उभ्या मांडणीकडे जायला हरकत नाही.

४. दुसऱ्या ओळीत शून्य का लिहायचे? आम्ही तेथे फुली मारत होतो किंवा घर मोकळे सोडत होतो.

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि दोन अंकी गुणाकाराचे मर्मही त्यातच आहे. मांडणी अशी होते:

३४ × २६
पहिली ओळ: ३४ × ६ = २०४
दुसरी ओळ: ३४ × २० = ६८०
बेरीज: ८८४

दुसऱ्या ओळीत आपण ३४ ला दोनने गुणत नसून वीसने गुणत असतो, कारण २६ मधला २ दशकस्थानी आहे. चौतीस विसे सहाशे ऐंशी होतात, आणि सहाशे ऐंशी लिहायचे तर एककस्थानी शून्य येणारच. म्हणजे ते शून्य ही मांडणीची रीत नाही, तो उत्तराचाच भाग आहे. फुली मारणाऱ्या पिढीची उत्तरे बरोबर येत होती, यात शंका नाही; पण फुलीमुळे ती ओळ ६८० आहे हे झाकले जाते आणि मुलाला ती "अडुसष्ट, पण सरकवलेले" अशी दिसते. सरकवायला विसरले की २०४ + ६८ = २७२ असे उत्तर येते, आणि त्यात काही चुकले आहे असे त्याला वाटतही नाही.

मीही कित्येक वर्षे "दुसऱ्या ओळीत एक घर सोडा" एवढेच सांगत असे. एकदा तिसरीतल्या एका मुलाने अगदी सरळपणे विचारले, "बाई, कोणासाठी सोडायचे?" तेव्हापासून मी घर सोडायला सांगणे बंद केले. आता मुलांनी दुसरी ओळ सुरू करताना "वीसने गुणतो" असे तोंडाने म्हणायचे, आधी शून्य मांडायचे आणि मग पुढे जायचे, असा क्रम आहे. घरी फुलीची सवय असलेल्या पालकांनी निदान पहिले दोन महिने शून्यच लिहावे, ही विनंती.

५. माझी मुलगी ३४ × २६ चे उत्तर ६२४ काढते. पाढे पक्के असूनही असे का होते?

ती एककाला एककाने आणि दशकाला दशकाने गुणते: ४ × ६ = २४ आणि ३ × २ = ६. बेरजेत एककात एकक आणि दशकात दशक मिळवायचे असते. तोच नियम तिने येथे लावला आहे, म्हणजे तिची चूक निष्काळजीपणाची नसून तर्काची आहे. "पुन्हा नीट कर" असे सांगून ती सुटत नाही. प्रश्न ३ मधील चौकट काढायला सांगून तिने कोणती घरे भरली, एवढेच विचारावे. ६०० आणि २४ ही दोनच घरे भरलेली असतात आणि १८० व ८० मोकळी असतात. राहिलेले २६० तिलाच सापडले, की ही चूक सहसा परत येत नाही.

६. हातचे कोठे लिहावेत? दोन ओळींचे हातचे एकमेकांत मिसळतात.

गुण्याच्या (ज्या संख्येला गुणायचे तिच्या) दशकस्थानाच्या अंकावर, बारीक अक्षरात. ४७ × ३८ घेतले तर पहिल्या ओळीत सात आठे छप्पन्न, हातचे ५. चार आठे बत्तीस आणि पाच सदतीस, म्हणून ३७६. दुसऱ्या ओळीत शून्य मांडल्यावर सात त्रिक एकवीस, हातचे २. चार त्रिक बारा आणि दोन चौदा, म्हणून १४१०. एकूण १७८६. दुसऱ्या ओळीला लागण्यापूर्वी वरचा ५ तिरपी रेघ मारून खोडायचा, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावावी. तो खोडला नाही, तर बाराला दोनऐवजी पाच मिळवले जातात आणि १४१० चे १७१० होतात. खोडरबराने मात्र पुसू देऊ नये, कारण चूक शोधताना तो हातचा दिसायला हवा.

याच जागी एक वेगळी चूकही होते. काही मुले हातचा आधी मिळवतात आणि मग गुणतात, म्हणजे चारमध्ये पाच मिळवून नऊ आणि नऊ आठे बहात्तर. त्यांचे ४७ × ८ हे ७२६ येते. हातचे म्हणजे आधीच गुणून झालेले दशक आहेत, त्यांना पुन्हा गुणायचे नाही, हे दहाच्या नोटा समोर ठेवून दाखवल्यास लवकर उमगते.

७. मुलगा "सात साते एकोणपन्नास" बरोबर म्हणतो, पण हातचे पाच धरतो. हे काय आहे?

मराठी संख्यानामांचा गुंता. आपल्याकडे एकक आधी उच्चारला जातो आणि दशक मागून येतो: छप्पन्न म्हणजे सहा आणि पन्नास, त्रेसष्ट म्हणजे तीन आणि साठ. ऐकून संख्या लिहिताना याचा त्रास होतो आणि सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. हातच्याच्या गुणाकारात मात्र हाच क्रम मदतीला येतो, कारण जे आधी ऐकू येते ते खाली लिहायचे आणि जे मागून येते ते हातचे धरायचे.

ही सोय एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या मालिकेत मोडते. एकोणपन्नासात ऐकू येतात पन्नास आणि असतात चार दशक नऊ. नऊपर्यंतच्या पाढ्यांत या मालिकेतील एकच संख्या येते, ती म्हणजे ४९. म्हणून ५७ × ४७ सारख्या उदाहरणात पहिल्या ओळीत ३९९ ऐवजी ४०९ दिसले, तर पाढा घोकून घेऊ नये. "एकोणपन्नास अंकांत लिहून दाखव" एवढेच सांगावे. हातचा मिळवल्यावरही अशा संख्या येतात (अठ्ठावीस आणि एक एकोणतीस), तेथेही हाच उपाय.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली "सत्तावीस"बरोबर "वीस सात" असे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात, अशी त्यामागची भूमिका मांडली होती. रूढ नावे जावीत असे मला वाटत नाही. पण अडखळणाऱ्या मुलाला गुणाकार करताना "चाळीस नऊ" असे पुटपुटू द्यावे, त्याने मराठीचे काही बिघडत नाही.

८. मूल सेमी-इंग्रजीत आहे. घरी मराठीतून समजावले तर गोंधळ होईल का?

समजावण्याने होत नाही, पाढे बदलण्याने होतो. मुलाने पाढे ज्या भाषेत पाठ केले असतील त्याच भाषेत ते मनात चालू द्यावेत. बाकीचे बोलणे मराठीत करावे. "हातचा" आणि "कॅरी" एकच आहेत, हे एकदा सांगितले की पुरते.

९. वर कोणती संख्या लिहायची? मोठी की लहान?

उत्तर दोन्हींचे सारखेच येते. ज्या संख्येने गुणणे सोपे, ती खाली घ्यावी. ८९ × २१ मध्ये २१ खाली असेल, तर दुसऱ्या ओळीत नुसती दुप्पट करायची असते. शाब्दिक उदाहरणात मात्र गुण्य आणि गुणक यांचा अर्थ वेगळा असतो: एका खोक्यात १२ पणत्या आणि अशी ३५ खोकी असतील, तर १२ हा गुण्य आणि ३५ हा गुणक. मांडणी बदलली तरी उत्तराला "पणत्या" हेच एकक लागते, "खोकी" नाही.

१०. संख्येत शून्य असेल तर काय करायचे? ५० × ४० चे उत्तर मुलगा २०० लिहितो.

मुलाला "शून्ये मोजा आणि शेवटी लावा" असे सांगितलेले असते. पाच चोक वीस यातले शून्य त्याने त्या दोन शून्यांपैकी एक म्हणून मोजले. वीस आधी पूर्ण लिहायचे आणि मग दोन शून्ये द्यायची, म्हणजे २००० येतात. गुणकाच्या एककस्थानी शून्य असेल, जसे ५७ × ४०, तर पहिली ओळ सगळी शून्यांची येते. सुरुवातीला ती लिहू द्यावी. मुलालाच तिचा कंटाळा आला, की तो थेट २२८० लिहू लागतो.

११. उत्तर बरोबर आहे की नाही, हे पुन्हा न सोडवता कसे ओळखावे?

सर्वांत भरवशाचा उपाय आधी अंदाज बांधण्याचा आहे. ४७ × ३८ हे ४० × ३० म्हणजे १२०० पेक्षा जास्त आणि ५० × ४० म्हणजे २००० पेक्षा कमी असणार, हे उदाहरण सोडवण्याआधी कोपऱ्यात लिहून ठेवावे. दोन अंकी संख्यांचा गुणाकार १०० पेक्षा कमी आणि ९८०१ पेक्षा जास्त कधीच येत नाही, हेही मुलांना सांगावे. पाच अंकी उत्तरे त्यामुळे आपोआप बंद होतात. त्यानंतर एककाचा अंक पाहावा: सात आठे छप्पन्न, म्हणून उत्तराच्या शेवटी ६ हवेत.

आमच्या वर्गात अंदाजासाठी ठाण्याच्या मुलांना ओळखीची अशी एक गाडी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीला १४ डबे होते आणि तिच्यात सुमारे ४०० पाहुणे होते. एका डब्यात साधारण किती जण बसले असतील? मुले २० म्हणतात, ४० म्हणतात, मग गुणून पाहतात. १४ × २८ = ३९२ आणि १४ × २९ = ४०६, येथवर ती स्वतःच पोहोचतात.

नवाने पडताळा घेण्याची जुनी रीत शिष्यवृत्तीच्या शिकवण्यांत अजून सांगितली जाते. संख्येतील अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची: ४७ चे २, ३८ चे २, त्यांचा गुणाकार ४, १७८६ ची बेरीज २२ आणि तिचे ४, म्हणून उत्तर जुळले. रीत सुंदर आहे, पण या धड्यातील मुख्य चूक तिला दिसत नाही. प्रश्न ४ मधील २७२ घ्यावे. ३४ चे ७, २६ चे ८, गुणाकार ५६ आणि त्याचे शेवटी २. इकडे २७२ चेही ११ आणि मग २. चुकीचे उत्तर पडताळ्यात उत्तीर्ण होते, कारण ६८ आणि ६८० यांच्या अंकांची बेरीज सारखीच असते. अंक उलटसुलट झाले (१७८६ ऐवजी १७६८) तरी हा पडताळा गप्प बसतो. तीसला वीसने गुणले तरी सहाशे होतात, मग २७२ कसे, हा प्रश्न मात्र अंदाजाची सवय असलेले मूल लगेच विचारते.

१२. वैदिक गणिताच्या किंवा अबॅकसच्या वर्गाला घालावे का?

शाळेतील गुणाकार समजला असेल तर आवड म्हणून घालावे. समजला नसेल तर त्यावरचा उपाय म्हणून घालू नये. "वैदिक" म्हणून शिकवल्या जाणाऱ्या युक्त्या भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून आलेल्या आहेत आणि त्या बीजगणिताने सिद्ध होतात. उभ्या-आडव्या गुणाकाराची रीत पाहा: ३४ × २६ साठी ३ × २ = ६, मग ३ × ६ आणि ४ × २ यांची बेरीज २६, मग ४ × ६ = २४. ते २६ म्हणजे प्रश्न ५ मधील हरवलेले २६० आहेत. चौकट येणाऱ्या मुलाला ही गंमत वाटते, न येणाऱ्याला आणखी एक पाठांतर.

१३. तोंडी गुणाकाराच्या कोणत्या युक्त्या प्राथमिकमध्ये शिकवाव्यात?

ज्यांचे कारण मूल सांगू शकेल, त्याच. ९९ ने गुणणे म्हणजे शंभरपट करून एकपट काढणे (४६ × ९९ = ४६०० − ४६ = ४५५४). पंचवीसने गुणणे म्हणजे शंभराचा पाव: ३६ × २५ = ९ × १०० = ९००. एक संख्या दुप्पट आणि दुसरी निम्मी केली तरी गुणाकार बदलत नाही, म्हणून ३५ × १६ हे ७० × ८ = ५६० होते. अकराच्या युक्तीत ७८ × ११ साठी मधल्या घरात १५ येतात आणि मुले ७१५८ लिहितात; तेथे हातचा पुढे न्यावा लागतो आणि उत्तर ८५८ येते.

१४. संख्या फोडून गुणण्याची ही पद्धत परदेशातून आली आहे का?

नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे आणि ते अनेक प्रकारे सोडवले आहे. १२ चे ८ आणि ४ असे भाग केले तर १०८० + ५४० = १६२०; १० आणि २ असे केले तर १३५० + २७० = १६२०; आधी चारने आणि मग तीनने गुणले तरी १६२०. मुलाला एकाच उदाहरणाच्या तीन वाटा दाखवणारे शिक्षक आपल्याकडे साडेआठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी होते, हे पालकसभेत सांगितले की चौकटीबद्दलची तक्रार बरीच निवळते.

१५. चौकट केव्हा सोडावी?

उभ्या मांडणीतील प्रत्येक ओळ चौकटीतील कोणत्या घरांची आहे, हे मूल न विचारता सांगू लागले की. काहींना चार दिवस लागतात, काहींना महिना. अंक तिरपे जाऊन स्थाने घसरणाऱ्या मुलांना चौकटींच्या वहीत, एका घरात एकच अंक, असे लिहायला द्यावे. अशा मुलांचा अर्धा त्रास गणिताचा नसून रकान्याचा असतो. रोज पाच उदाहरणे पुष्कळ झाली. पंचवीस दिली, तर दहाव्यानंतर मूल हातचे लिहिणे सोडून देते.

१६. मुलाने २९ × ३४ हे ३० × ३४ मधून ३४ वजा करून सोडवले. उत्तर बरोबर, पण रीत शिकवलेली नाही. गुण द्यावेत का?

द्यावेत, आणि १०२० − ३४ = ९८६ ही रीत फळ्यावर त्यालाच मांडायला लावावी. मात्र प्रश्नात "उभ्या मांडणीने सोडवा" असे लिहिले असेल, तर ती मांडणीही मागावी, कारण तेथे परीक्षा मांडणीची आहे. हा फरक मुलाला पेपरच्या आधी सांगितलेला असावा, पेपर तपासताना नव्हे. ३० × ३४ मधून ३४ ऐवजी ३० वजा करून ९९० लिहिणारी मुलेही असतात. त्यांना प्रश्न ३ मधील वऱ्हांड्यावर न्यावे: ३० ओळींतून एक ओळ पुसली, तर पुसलेल्या ओळीत लाद्या किती होत्या?